दुःख उगाळायचं नाही, मांडायचं: नवशिक्यांसाठी चार बैठका

दुःखाचं काय काय करता येतं, याची मराठीतली क्रियापदं एकदा मोजून पाहा. दुःख गिळता येतं, पचवता येतं, दाबता येतं, कुरवाळता येतं, उगाळता येतं, कुणापुढे तरी ओतता येतं. आणि मांडता येतं. हा लेख या शेवटच्या क्रियापदापुरता आहे. ओतायला भांडं उपडं केलं की झालं. मांडायला जागा ठरवावी लागते, तिला कडा लागतात, आधी काय ठेवायचं आणि नंतर काय हे बघावं लागतं. मन मोकळं करायला बसलेली बरीचशी माणसं ओततात आणि मग "लिहून काही फरक पडला नाही" म्हणत वही बाजूला टाकतात. मीही अशी एक वही भरली आहे. नोकरीत झालेल्या एका अपमानाबद्दल जवळजवळ सहा महिने लिहीत होते. पुढे कधीतरी उघडून पाहिली, तर पहिलं पान आणि शेवटचं पान यांची अदलाबदल केली असती तरी कुणाला पत्ता लागला नसता.

म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल, ती म्हणजे मर्यादा. वेळेची, कागदाची, विषयाची, आकाराची. अवघड भावना असह्य होते ती बऱ्याचदा तिचा काठ दिसत नाही म्हणून.

शाळा सुटल्यापासून तुम्ही चित्र काढलेलं नसेल, कवितेची एक ओळ लिहिली नसेल, तरी चालेल. उलट बरंच. ज्यांना चांगलं लिहिता येतं त्यांना पहिल्या बैठकीत जास्त त्रास होतो, कारण ती माणसं वाक्य सजवत बसतात.

## कधी बसू नये

जीव नकोसा झाला असेल, स्वतःला इजा करावी असे विचार येत असतील, तर वही-पेन्सिल बाजूला ठेवा. जवळच्या माणसाला हाक मारा, मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला किंवा डॉक्टरांना फोन करा. हा नंबर बरं वाटत असतानाच शोधून फोनमध्ये ठेवावा, कारण वेळ येते तेव्हा शोधण्याचं त्राण नसतं. दोन आठवडे जवळजवळ रोज मन खचलेलं आहे, झोप आणि भूक बिघडली आहे, एरवी आवडणाऱ्या गोष्टींकडे बघावंसंही वाटत नाही, असं असेल तर तज्ज्ञांना भेटा. दोन आठवडे हा आकडा मी हवेतून काढलेला नाही, नैराश्याचं निदान करताना डॉक्टर तोच धरतात. उपचार चालू असतानाही लिहिता येतं, चित्र काढता येतं, पण कोणता विषय घेतोय हे त्यांना सांगून.

दुसरं, घटना अगदी ताजी असेल, चार-सहा दिवसांपूर्वीची, तर खोलात शिरू नका. त्या दिवसांत झोप, चालणं आणि सोबतीला माणूस एवढं पुरे. खपली धरण्याआधी नख लावून काही हाती लागत नाही.

तिसरं, अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी आपल्या लेखन-पद्धतीबरोबर एक साधा नियम दिला आहे. एखाद्या विषयाला हात घातला तर आपण कोसळू, असं वाटत असेल तर तो विषय सोडा आणि ज्याच्याशी आज झेपेल असं काही लिहा. नवशिक्यांनी हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. धाडस दाखवायची ही जागा नाही.

## पायरी पहिली: आधी शरीर

छातीत धडधडत असताना लिहिलेलं बहुधा ओतलेलं असतं. बसण्याआधी तीन-चार मिनिटं द्या. पाय जमिनीला टेकवा, नाकाने श्वास घ्या आणि घ्यायला लागला त्याच्या दुप्पट वेळ लावत सोडा. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना कमी होतात. लांब उच्छ्वासाचा उपयोग होतो तो यामुळे, त्यात गूढ काही नाही. दहा श्वास पुरतात. खांदे खाली आले की पुढे चला.

## पायरी दुसरी: नेमकं नाव

या पायरीवर घाई करू नका, कारण नवीन माणूस नेमका हिलाच वगळतो. "कसं वाटतंय?" असं विचारलं की आपण "बरं नाही वाटत", "टेन्शन आलंय", "मूड ऑफ आहे" एवढ्यावर भागवतो. ही नावं नव्हेत. "घरात काहीतरी वाजतंय" म्हणण्यासारखं आहे ते. नळ गळतोय की दार आपटतंय, हे कळल्याशिवाय उठून करणार काय?

नाव दिल्याने काय होतं याचा एक प्रयोग माझ्या फार आवडीचा आहे. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी कोळ्याची भीती वाटणाऱ्या ८८ लोकांना जिवंत, केसाळ टॅरंट्युला कोळ्यासमोर आणलं. काहींना स्वतःची समजूत काढायला सांगितली, "छोटा जीव आहे, तो मला काही करणार नाही" अशी. काहींना लक्ष दुसरीकडे वळवायला सांगितलं. आणि काहींना जे वाटतंय ते जसंच्या तसं बोलायला सांगितलं, "हा किळसवाणा कोळी बघून माझी पाचावर धारण बसली आहे" या धर्तीवर. आठवड्याभराने पुन्हा पाहिलं, तर भीतीला नाव देणाऱ्यांच्या तळहातांना समजूत काढणाऱ्यांपेक्षा कमी घाम येत होता, आणि ती माणसं कोळ्याच्या थोडी अधिक जवळही जाऊ शकली. हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे समजूत काढणाऱ्यांची कमतरता कधीच नसते, म्हणून तो लक्षात ठेवण्यासारखा.

मराठी माणसाची एक चैन अशी की नावांचा तुटवडा नाही. नुसत्या "वाईट वाटण्या"चे प्रकार बघा.

चुटपुट ही छोटी असते, थोडक्यात हुकलेल्या गोष्टीची. रुखरुख चुटपुटीपेक्षा जास्त टिकते, करायला हवं होतं आणि राहिलं याची. खंत त्याहून खोल, तिच्यात स्वतःकडे बोट असतं. हळहळ बहुतेक वेळा दुसऱ्यासाठी किंवा वाया गेलेल्या चांगल्या गोष्टीसाठी. सल जुना असतो, कुणीतरी रुतवलेला, हवा बदलली की दुखणारा. हुरहुरीत दुःखापेक्षा ओढ जास्त. घालमेल म्हणजे दोन्हीकडून ताण. तगमग म्हणजे जागेवर बसवत नाही. काहूर माजतं तेव्हा एकही गोष्ट सुटी दिसत नाही. रागातही तसंच आहे: चिडचिड, वैताग, चडफड, जळफळाट, संताप, त्वेष. चडफडीत हात बांधलेले असतात, जळफळाटात कुणाचं तरी भलं झालेलं असतं. या दोन्हींना "राग आलाय" म्हटलं तर तुमच्या हाती काहीच लागणार नाही.

एवढ्यानेही भागलं नाही तर भरताच्या नाट्यशास्त्रातली यादी काढा. त्यात ३३ व्यभिचारी भाव दिले आहेत, म्हणजे येणारे-जाणारे, मुख्य भावाभोवती फिरणारे. श्रम, ग्लानी आणि आलस्य तिथे तीन वेगवेगळे मोजले आहेत. दैन्य वेगळं, विषाद वेगळा. अमर्ष म्हणजे आपल्याहून विद्येने, पैशाने किंवा ताकदीने वरचढ असलेल्याने अपमान केल्यावर येणारी धुमस. माझी ती सहा महिन्यांची वही रागाबद्दल आहे असं मी समजत होते. हा शब्द वाचला तेव्हा कळलं की ती अमर्षाबद्दल होती, आणि त्यातला "वरचढ" हा भाग मी एकदाही लिहिला नव्हता. आणखी एक आहे, अवहित्थ: मनातलं चेहऱ्यावर दिसू न देण्याची धडपड. हिचा थकवा वेगळाच असतो.

काय करायचं ते असं. कागदाच्या छोट्या चिठोऱ्यावर आत्ताच्या भावनेची तीन नावं लिहा. प्रत्येकापुढे दहापैकी किती, तो आकडा लिहा. मग सर्वांत चपखल बसणारं एक नाव राखून बाकीची खोडा. एकही शब्द बसत नसेल तर शब्द बनवा: "रविवार संध्याकाळची पोकळी", "फोन न उचलल्याची धास्ती". घरी बनवलेलं नाव चालतं, फक्त ते दुसऱ्या कुठल्या दिवसाला लागू पडता कामा नये.

## पायरी तिसरी: चार बैठका

पेनेबेकर आणि त्यांची विद्यार्थिनी सँड्रा बील यांचा गाजलेला प्रयोग १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४६ विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं लिहिलं. काहींनी किरकोळ विषयांवर, तर काहींनी आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक अनुभवावर. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, ते विद्यार्थी पुढच्या सहा महिन्यांत इतरांपेक्षा कमी वेळा दवाखान्यात गेले. नुसत्या घटना लिहिणाऱ्यांना तो फायदा झाला नाही. आणि लिहून उठल्या उठल्या मात्र दुःखद विषय घेतलेल्यांना आधीपेक्षा वाईट वाटत होतं.

ही शेवटची गोष्ट आधी कुणी सांगत नाही आणि तिथेच माणसं सोडून देतात. लिहिल्यावर लगेच हलकं वाटेलच असं नाही, तास-दोन तास जड जाऊ शकतात. म्हणून झोपायच्या अगदी आधी लिहू नका, आणि लिहून झाल्याबरोबर कुठल्या महत्त्वाच्या कामाला जायचं असेल तर तो दिवस टाळा.

अपेक्षाही माफक ठेवा. त्या प्रयोगानंतर असे शेकडो प्रयोग झाले. २००६ मध्ये त्यांतल्या १४६ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा सरासरी परिणाम खरा पण लहान निघाला. जादू नाही. पण १५ मिनिटं, एक पेन आणि चार दिवस एवढ्या खर्चात लहान परिणामही मला महाग वाटत नाही.

आता प्रत्यक्ष कृती. टायमर १५ मिनिटांचा लावा, फोन एअरप्लेन मोडवर टाका. वाजला की वाक्य अर्धं असलं तरी थांबा. ही मर्यादा गंमत म्हणून नाही. १५ मिनिटांनी बाहेर पडायचं आहे हे माहीत असलं की आत जायची हिंमत होते. शुद्धलेखन बघू नका, खाडाखोड नको. सुचलं नाही तर शेवटचा शब्द पुन्हा पुन्हा लिहा, दोन-तीन वेळात पुढचा येतो.

पहिल्या बैठकीत एकच प्रसंग घ्या. "आमचं नातं कसं तुटलं" हा प्रसंग नव्हे, तो इतिहास झाला. "तिने किल्ली टेबलावर ठेवली ती दोन मिनिटं" हा प्रसंग. उजेड कुठून येत होता, हातात काय होतं, बाहेर कसला आवाज होता, कोण आधी बोललं? भावनेचं नाव मुद्दाम लिहू नका, ती वस्तूंमधून आपोआप येते.

दुसऱ्या बैठकीत तोच प्रसंग, पण आतून. चिठोऱ्यावरचं नाव समोर ठेवा. शरीरात कुठे जाणवलं, काय म्हणावंसं वाटलं आणि काय म्हटलं, कशाची लाज वाटली. ही बैठक सर्वांत जड. दुसऱ्या दिवशी दांडी मारावीशी वाटते ती हिच्यामुळेच.

तिसऱ्या बैठकीत "मी" बंद. स्वतःचं नाव वापरा, किंवा "तो", "ती". "त्या दिवशी ती घरी आली तेव्हा तिला माहीत नव्हतं की…" अशी सुरुवात करा. हा साधा व्याकरणातला बदल आहे, पण मानसशास्त्रज्ञ एथन क्रॉस आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या प्रयोगांत ताणाच्या प्रसंगाआधी स्वतःशी "मी" ऐवजी स्वतःच्या नावाने बोलणाऱ्यांची अस्वस्थता कमी राहिली आणि मागाहून ती गोष्ट मनात घोळत राहण्याचं प्रमाणही कमी झालं. आपण मैत्रिणीला जो सल्ला सहज देतो तो स्वतःला देत नाही, कारण स्वतःपासून तेवढं अंतर मिळत नाही. तृतीय पुरुष ते देतो.

चौथ्या बैठकीत एक अट आहे. "कारण", "म्हणून", "तेव्हा कळलं नाही, पण" या तिन्हींपैकी प्रत्येक एकदा तरी आलं पाहिजे. पेनेबेकर यांनी पुढे लोकांच्या लेखनातले शब्द मोजले, तेव्हा ज्यांना फायदा झाला त्यांच्या मजकुरात दिवसागणिक अशी कारण जोडणारी आणि उमज दाखवणारी वाक्यं वाढत गेलेली दिसली. उत्तर बरोबर असायलाच हवं असं नाही. "म्हणून" च्या पुढे काय येतं, ते स्वतः वाचून आश्चर्य वाटलं तरी पुष्कळ झालं.

चार दिवस सलग जमत नसतील तर आठवड्यातून एक, असं महिनाभर करा. चार म्हणजे चारच मात्र. पाचवी बैठक त्याच विषयावर करायची नाही.

## उगाळणं ओळखायचं कसं

सहाणेवर तोच तुकडा फिरवत राहिला की गंध निघतो, पण माणूस उगाळायला बसला की फक्त माणूस झिजतो. सुसान नोलन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये मांडलं की खिन्नता आली असताना "मला असं का होतं, माझंच असं का" यावर मन फिरवत राहणाऱ्यांची खिन्नता लांबते. पुढच्या संशोधनाने त्याला बराच दुजोरा दिला.

खुणा साध्या आहेत. तेच वाक्य तिसऱ्यांदा आलं. प्रश्न "का" चे आहेत, "काय" आणि "कधी" चे नाहीत. मजकुरात "नेहमी", "कधीच", "सगळे" असे शब्द माजले आहेत. नवीन तपशील एकही नाही. लिहून झाल्यावर दुसऱ्या दिवशीही मन पहिल्याइतकंच तापलेलं आहे.

अशा वेळी लिहिणं थांबवून माध्यम बदला. तेच हातात घेऊन पुढे रेटायचं नाही.

## पायरी चौथी: शब्द नकोसे झाले तर

काही दुःखं शब्दांच्या आधीची असतात. काही माणसंही. ज्यांचा दिवस शब्दांतच जातो (शिक्षक, वकील, ग्राहकांचे फोन घेणारे) त्यांना संध्याकाळी पुन्हा शब्द दिले तर ती शिक्षाच होते.

चित्रकलेच्या भीतीवर एक उतारा सांगते. फिलाडेल्फियातल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल यांनी ३९ प्रौढांना मार्कर, माती आणि कोलाजचं सामान देऊन ४५ मिनिटं जे हवं ते करू दिलं. आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, मोजलं. साधारण ७५ टक्के लोकांमध्ये ते कमी झालं. २०१६ मध्ये हे प्रसिद्ध झालं. आधी चित्रकलेचा अनुभव असण्या-नसण्याने फरक पडला नाही. आपली पाटी कोरी असेल तर घाबरायचं कारण नाही.

सुरुवातीला यातलं एक निवडा.

हाताच्या पंज्याएवढा कागद घ्या, मोठा नको. मोठा कोरा कागद नवशिक्याला खायला उठतो. डोळे मिटून, ज्या हाताने लिहीत नाही त्या हातात पेन्सिल धरून एक मिनिट रेघ फिरवा, कागदावरून न उचलता. मग डोळे उघडून त्या गुंत्यातले बंद आकार दोनच रंगांनी भरा. कुठला आकार रिकामा ठेवायचा हे हातावर सोडा. पूर्ण झालं की मागच्या बाजूला तारीख आणि चिठोऱ्यावरचं नाव.

किंवा छापील जुनं पान घ्या, कुठलंही, माहितीपत्रक चालेल. पाच ते नऊ शब्दांभोवती चौकट करा आणि बाकी सगळं काळं करा. जे उरलं ते तुमचं. शब्द दुसऱ्याचे असल्यामुळे लाज वाटत नाही, आणि आपण कोणते शब्द उचलले हे बघून कधीकधी दचकायला होतं.

माती असेल तर मुठीत मावेल एवढाच गोळा. त्याला काही बनवू नका, फक्त पाच मिनिटं दाबा, मग पाच मिनिटं गुळगुळीत करा. शोकात हाताला काम मिळणं ही छोटी गोष्ट नाही. विणकाम, शिवणकाम, लाकडाला पॉलिश पेपर घासणं, यांनाही मी याच खात्यात धरते. त्यांत "व्यक्त होणं" कुठे आहे, असा प्रश्न एका मित्राने विचारला होता. माझ्याकडे त्याला पटेल असं उत्तर नव्हतं, पण त्या वर्षी मी विणलेल्या मफलरची पहिली वीतभर इतकी घट्ट आहे की सुई आत शिरत नाही, आणि शेवटची वीत सैल.

गुणगुणणंही यातच. एकाच सुरावर ओठ मिटून "म्म" धरा, श्वास संपेपर्यंत. उच्छ्वास लांबतो आणि पहिल्या पायरीतलं काम आपोआप होतं.

## रागाचं वेगळं

राग "बाहेर काढला" की शांत होतो, या समजुतीने उशी बडवणाऱ्यांनी मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांचा २००२ चा प्रयोग ऐकावा. चिडवलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी त्रास देणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅगवर गुद्दे मारले, काही दोन मिनिटं नुसते बसले. बडवणाऱ्यांचा राग जास्त निघाला. दोन मिनिटं काहीच न करणारे त्यांच्यापेक्षा बरे राहिले.

रागासाठी चार बैठका नकोत, एक कागद पुरे. काय झालं आणि काय वाटलं, पाच ओळींत लिहा, फाडा, कचऱ्यात टाका. जपानमधल्या नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये नेमकं हेच तपासलं. अपमानास्पद शेरे मिळालेल्या लोकांपैकी ज्यांनी आपला राग लिहून तो कागद फेकला किंवा यंत्रात कातरला, त्यांचा राग जवळजवळ मूळ पातळीवर उतरला. कागद जपून ठेवणाऱ्यांचा तेवढा उतरला नाही. रागाने लिहिलेला मेसेज पाठवण्याआधी हा कागद एकदा तरी भरावा, असं माझं स्वच्छ मत आहे.

## पायरी पाचवी: कच्च्याचं पक्कं, हवं असेल तर

आतापर्यंतचं सगळं कच्चं आहे आणि कच्चंच ठेवलं तरी काही बिघडत नाही. पण कुणाला त्यातून कविता, चित्र, गोष्ट करावीशी वाटते. त्यासाठी चार बैठकांनंतर वही किमान दोन आठवडे बंद ठेवा. मग लाल पेन घेऊन एकदाच वाचा आणि अजूनही जिवंत वाटणारी तीनच वाक्यं अधोरेखित करा. बहुधा ती मोठ्या भावनेची नसतात. "किल्ली थंड होती" असलं काहीतरी असतं.

त्या तीन वाक्यांना एक आखीव आकार द्या. मुक्तछंदाचा मोह नवशिक्याने टाळावा, तो वाटतो तितका मुक्त नसतो. शिरीष पै यांनी मराठीत रुजवलेला हायकू तीन ओळींत आटोपतो आणि त्यात "मला दुःख झालं" म्हणायला जागाच उरत नाही. ओवीचे साडेतीन चरण घ्या: पहिल्या तिघांना यमक, शेवटचा आखूड आणि मोकळा. यमक शोधताना मन दुःखाऐवजी शब्दाभोवती फिरायला लागतं. "आठव" ला काय जुळेल? साठव, पाठव. आणि पाठव सापडलं की मनात नसलेली एक ओळ कागदावर येते. पक्कं करण्यातला दिलासा मला बहुतेक वेळा इथेच मिळाला आहे.

वेळेची मात्र घाई नको. जर्मन शिल्पकार केटे कोलवित्स यांचा धाकटा मुलगा पेटर ऑक्टोबर १९१४ मध्ये, पहिल्या महायुद्धात, बेल्जियममध्ये मारला गेला. तो अवघा १८ वर्षांचा होता. सैन्यात जायला त्याला वडिलांची परवानगी लागत होती आणि ती मिळवून देण्यात आईनेच मदत केली होती. त्याच वर्षी त्यांनी त्याच्या स्मारकाचा विचार सुरू केला. सुरुवातीच्या कल्पनेत निजलेला मुलगा होता. ते काम जमेना, मध्ये सोडून दिलं, वर्षांनी पुन्हा हाती घेतलं. स्मारक उभं राहिलं १९३२ मध्ये. त्यात मुलगा नाहीच. गुडघे टेकलेले आई आणि बाप, वेगवेगळ्या दगडांवर, प्रत्येक जण आपापल्यात मिटलेला. काय मांडायचं आहे हे कळायला त्यांना १८ वर्षं लागली. तुमची कविता दोन महिन्यांत जमली नाही तर वही फेकू नका.

## कुणाला दाखवायचं

पहिल्या चार बैठकांतलं कुणालाही नाही. बघणारा आहे म्हटलं की हात सजवायला लागतो. पक्कं केलेलं दाखवायचं असेल तर आधी एकाच माणसाला, आणि दाखवताना काय हवं ते सांगून: "फक्त वाच, काही बोलू नकोस" किंवा "शेवटची ओळ खटकते का सांग". हे न सांगता वही पुढे केली की समोरचा बिचारा समजूत काढायला लागतो, आणि समजूत काढणाऱ्यांचं कोळ्यासमोर काय झालं ते आपण पाहिलं.

समाजमाध्यमांवर टाकायचं असेल तर त्यात दुसऱ्या कुणाची गुपितं आहेत का ते पाहा. तुमच्या दुःखावर हक्क तुमचा, पण त्यात भेटणाऱ्या माणसांच्या आजारपणावर, भांडणांवर, नावांवर तुमचा एकट्याचा हक्क नाही. नाव बदललं तरी नातं ओळखू येतं. किमान महिनाभर थांबा आणि टाकलंच, तर पहिले दोन तास फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

वही ठेवायची जागा बैठकीआधीच ठरवून ठेवा, कुलूप असलेली किंवा कुणाला ठाऊक नसलेली. कुणी वाचेल या धास्तीत लिहिलेलं अवहित्थच असतं. जागा नसेल तर सुट्या कागदांवर लिहा, चौथ्या बैठकीपर्यंत पाकिटात बंद ठेवा. लाल पेन चालवायची इच्छा नसेल, तर पाकीट न उघडताच फाडून टाका.